झेडएक्स ८१ आणि एक केबीतलं बुद्धिबळ : मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

बुद्धिबळवाले मित्र एकीकडून विचारतात, ऑफिसातली पोरं दुसरीकडून, सगळं झेडएक्स ८१ या जुन्या छोट्या कॉम्प्युटरवर एक केबी मेमरीत बसवलेल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामबद्दल, आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून म्हटलं एकदाच बसून लिहून टाकू. मी पोटापाण्यासाठी मायक्रोकंट्रोलरचा कोड लिहितो, म्हणजे बाइट मोजायची सवय आहे, आणि बुद्धिबळ खेळतो तेही जेमतेमच. तेव्हा खाली जे आहे ते त्याच नजरेतून.

झेडएक्स ८१ म्हणजे नक्की काय?

घरगुती कॉम्प्युटर. मार्च १९८१ मध्ये इंग्लंडातल्या केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने काढला, मालक क्लाइव्ह सिंक्लेअर, ज्यांना पुढे १९८३ मध्ये सर ही पदवी मिळाली. बनायचा मात्र स्कॉटलंडमध्ये डंडी गावात, टायमेक्सच्या कारखान्यात, हो तीच घड्याळवाली टायमेक्स. किंमत तयार मशीनची ६९.९५ पौंड, आणि सुटे भाग घेऊन स्वतः सोल्डरिंग करणार असाल तर ४९.९५. वर्षभर आधी झेडएक्स ८० आला होता, तोही १०० पौंडांच्या आतच, पण ८१ ने खरी कमाल केली, १५ लाखांच्या वर विकला गेला. डब्ल्यूएच स्मिथसारख्या पुस्तकं-पेपर विकणाऱ्या दुकानात कॉम्प्युटर मिळतो ही गोष्टच लोकांना नवीन होती.

दिसायला काळा, चपटा, वहीपेक्षा छोटा. पडदा नाही, घरचा टीव्ही लावायचा. रंग नाही, आवाज नाही, छोटी लिपी नाही, सगळं कॅपिटलमध्ये. कीबोर्ड म्हणजे प्लास्टिकच्या पापुद्र्यावर छापलेली ४० बटणं, दाबलं की बोटाला काहीच कळत नाही, मायक्रोवेव्हची बटणं दाबतो ना तसं. पडद्याकडे बघूनच समजायचं की अक्षर उमटलं की नाही.

एवढं स्वस्त जमलं कसं?

काढून टाकून टाकून. झेडएक्स ८० मध्ये २१ चिप होत्या, ८१ मध्ये मोठ्या अशा चारच उरल्या, कारण बाकीच्यांचं काम फेरांटी कंपनीकडून बनवून घेतलेल्या एका यूएलए चिपमध्ये, म्हणजे मागणीनुसार घडवलेल्या चिपमध्ये, कोंबलं. प्रोसेसर झेड८०ए, ३.२५ मेगाहर्ट्झवर. ८ केबी रॉम, म्हणजे कायमची न पुसली जाणारी मेमरी, त्यात बेसिक ही सोपी प्रोग्रामिंग भाषा. आणि रॅम, म्हणजे तुमचा प्रोग्राम ठेवायची मेमरी, एक केबी. आणि हो, सुरुवातीच्या रॉममध्ये गणिताचा एक बग होता, ०.२५ चं वर्गमूळ मागितलं की ०.५ ऐवजी १.३५ च्या पुढचं कायतरी यायचं. स्वस्तातल्या मालाचे चोचले, दुसरं काय.

एक केबी? एमबी म्हणायचंय का?

नाही, केबीच. १०२४ बाइट. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो याच्या शंभरपट तरी असतो.

आणि ते १०२४ सुद्धा पूर्ण तुमचे नाहीत. पहिले १२५ बाइट मशीन स्वतःच्या नोंदींसाठी ठेवतं. मग टीव्हीवर जे दिसतं ते कुठेतरी साठवावं लागतं, ३२ अक्षरांच्या २४ ओळी, प्रत्येक ओळीला शेवटची खूण, सुरुवातीला एक, मिळून ७९३ बाइट. म्हणजे तुम्ही पडदा पूर्ण भरलात तर हातात उरतात १०६ बाइट, आणि त्यातच प्रोग्राम, त्याचे व्हेरिएबल, स्टॅक, सगळं. म्हणून सिंक्लेअरवाल्यांनी युक्ती केली, कमी मेमरी असेल तर रिकाम्या ओळीला फक्त एक बाइट, ओळ संपल्याची खूण तेवढी, बाकी जागा नाहीच. पडदा कोरा असेल तर २५ बाइटमध्ये काम भागतं. लिहाल तेवढं पोट फुगतं.

मग त्यात बुद्धिबळ बसलं कसं?

हा खरा प्रश्न. डेव्हिड हॉर्न नावाच्या प्रोग्रामरने ते बसवलं, आणि १९८२ च्या अखेरीपासून १९८३ च्या सुरुवातीपर्यंत युअर कॉम्प्युटर या ब्रिटिश मासिकात ते कसं केलं ते फोडून सांगितलं. आर्टिक कॉम्प्युटिंग या कंपनीने तेच कॅसेटवर विकलं. आकार ६७२ बाइट. परत वाचा, सहाशे बहात्तर. तुम्ही आत्ता वाचताय ना, या उत्तराची पहिली पाच-सहा वाक्यं युनिकोडमध्ये साठवली तरी त्यापेक्षा जास्त जागा लागते.

बेसिकमध्ये हे अशक्यच होतं, म्हणून सगळं झेड८० च्या मशीन कोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरला थेट आकड्यांत आज्ञा. पण नुसता मशीन कोड लिहून भागत नाही. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की पट दोनदा साठवलेला नाही. आपण आज लिहिताना काय करतो, मेमरीत एक पट ठेवतो आणि तो बघून पडद्यावर दुसरा काढतो. इथे पडद्याची मेमरी हाच पट. पडद्यावर जिथे घोड्याचं अक्षर आहे तिथेच घोडा आहे, प्रोग्राम तिथलंच अक्षर वाचून ठरवतो की कोण बसलंय. मोहरे म्हणजे साधी अक्षरं, आणि एका बाजूची उलट्या रंगात, म्हणजे काळ्यावर पांढरी. झेडएक्स ८१ मध्ये अक्षराच्या कोडचा एक बिट बदलला की अक्षर उलट्या रंगात दिसतं, म्हणजे मोहरा कुठल्या रंगाचा हे एका बिटवरून कळतं, त्याला वेगळी जागा नको. आपल्याकडे एका खोलीत दुपारी दुकान आणि रात्री अंथरुणं असतात ना, तसला संसार.

मग विचार कसा करतं? फार पुढचं बघत नाही. आपल्या प्रत्येक मोहऱ्याच्या प्रत्येक चालीला मार्क देतं. काही मारता येतंय का आणि किती किमतीचं, आत्ता जिथे उभा आहे तिथे त्याच्यावर मारा आहे का, जाईल तिथे मारा आहे का. ज्या चालीला जास्त मार्क ती चाल. संपलं. चालींचं झाड नाही, मी असं खेळलो तर तो तसं खेळेल मग मी अमुक, हे काही नाही.

झाड नाही म्हणजे? बाकीचे प्रोग्राम काय वेगळं करतात?

ते पुढच्या चाली एकातून एक फुटत जातात तसं बघतात. हे १९५० मध्येच क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने मांडलं होतं, कॉम्प्युटरकडून बुद्धिबळ कसं खेळवावं याच्या लेखात. अडचण आकड्यांची आहे. पांढऱ्याला पहिल्या चालीला २० पर्याय, काळ्याला उत्तराला २०, झाले ४००. तिसऱ्या चालीनंतर ८,९०२, चौथ्यानंतर १,९७,२८१. आता झेड८० ची सगळ्यात साधी आज्ञा प्रोसेसरच्या घड्याळाच्या चार ठोक्यांची, म्हणजे ३.२५ मेगाहर्ट्झवर सेकंदाला जास्तीत जास्त आठ लाख आज्ञा, आणि एक स्थिती तपासायला अशा शेकडो-हजारो आज्ञा लागतात. करा हिशोब. अल्फा-बीटा नावाची छाटणी करून बऱ्याच फांद्या न बघताच सोडता येतात, पण तरी दोन-तीन चाली पुढे बघायला मशीन चहा पिऊन यायला सांगायचं.

काही नियम नाहीतच म्हणे त्यात. मग ते बुद्धिबळ कसलं?

तीन गोष्टी नाहीत. किल्लेकोट म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायचे ते नाही, एन पासां म्हणजे शेजारून गेलेलं प्यादं जाता जाता मारायचं ते नाही, आणि प्यादं शेवटच्या घरात पोचल्यावर वजीर होत नाही. बाकी सगळं आहे.

यावर आमच्या ग्रुपमध्ये एकजण फार तावातावाने म्हणाला की हे बुद्धिबळ नाहीच. मी म्हटलं, बाबा, आपल्या जुन्या देशी पद्धतीत तरी आजचा किल्लेकोट कुठे होता? प्यादं एकच घर पुढे जायचं म्हणून एन पासांचा प्रश्नच नव्हता, आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मिळायची. आजोबा लोक तसं खेळले आणि कोणी त्यांना सांगितलं नाही की तुम्ही खेळताय ते बुद्धिबळ नाही. वजिराचं मात्र मान्य, ते नसणं खटकतं.

खेळायला कसं आहे? खरं सांग.

खरं सांगतो, वाईट आहे. पण मजेशीर वाईट आहे.

मागच्या पावसाळ्यात लाइट गेलेले, लॅपटॉपची बॅटरी होती म्हणून एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, लावलं. सुरुवातीच्या सात-आठ चाली बरी वाटतात, फुकट मोहरा सोडलात तर लगेच उचलतं, मी झोपेत एक उंट दिला तो त्याने तत्काळ खाल्ला आणि मला जरा घामच फुटला. पण मग माझा घोडा त्याच्या बाजूला घुसला आणि राजा नि हत्ती दोघांवर एकदम मारा. हे त्याला आधी दिसूच शकत नाही, कारण घोडा अजून तिथे आलेला नव्हता ना, आणि पुढची चाल बघायची तर सोयच नाही. हत्ती गेला. पुढे परत तेच. आणि शेवटी माझं एक प्यादं धावत धावत आठव्या रांगेत पोचलं आणि नुसतं बसून राहिलं. वजीर होईना, मागे येईना. ऑफिसातून निवृत्त झाल्यावरही रोज डबा घेऊन येणारे लोक असतात ना तसं ते तिथे बसलेलं, आणि मला उरलेल्या मोहऱ्यांनीच मात करावी लागली. तेवढ्यात लाइट आले.

विचार करताना टीव्ही कोरा पडतो असं ऐकलं, ते का?

कारण टीव्हीवर चित्र काढायचं काम प्रोसेसरच करतो. वेगळी ग्राफिक्स चिप वगैरे काही नाही, खर्च वाचवलाय. दोन पद्धती आहेत, स्लो आणि फास्ट. स्लोमध्ये प्रोसेसर बराचसा वेळ चित्र काढण्यात घालवतो आणि चित्राच्या वरखाली जो रिकामा वेळ मिळतो तेवढ्यात तुमचा प्रोग्राम चालतो, म्हणजे वेग साधारण पाव. फास्ट लावलं की चित्र सोडून देतो, पूर्ण ताकद प्रोग्रामला, टीव्ही करडा. जास्त विचार करायचा तर डोळे मिटून घ्यायचे, तसं.

आणि यातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही, ज्यांना तांत्रिक नको त्यांनी पुढे जा. प्रोसेसर पडद्याची मेमरी चक्क प्रोग्राम असल्यासारखी चालवतो. एकेक अक्षर उचलतो, यूएलए ते मधल्यामध्ये पकडून त्याचं चित्र टीव्हीला पाठवते आणि प्रोसेसरला सांगते की काही नव्हतं, पुढे चल. ओळ संपल्याच्या खुणेचा कोड ११८ आहे, आणि झेड८० च्या भाषेत ११८ म्हणजे हॉल्ट, थांब. ती एकच आज्ञा यूएलए खरी जाऊ देते, प्रोसेसर थांबतो, पुढची रेघ सुरू व्हायची वाट बघतो. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी रात्री दीड वाजता बायकोला उठवून सांगायला गेलो होतो. प्रतिसाद फारसा उत्साहवर्धक नव्हता.

१६ केबीचा जादा मेमरीचा पॅक मिळायचा ना? मग १ केबीत कशाला मरायचं?

मिळायचा, पण सुरुवातीला त्याचीही किंमत ४९.९५ पौंड, म्हणजे मशीनच्या सुट्या भागांएवढीच. पोरांकडे कुठून येणार? म्हणून एक केबीवाल्यांचा वर्ग मोठा होता.

शिवाय तो पॅक मागच्या बाजूला नुसता खोचायचा, आणि जरा जोरात बटण दाबलं, टेबल हललं, की संपर्क सुटायचा आणि सगळं पुसलं जायचं. पॅकचं डुगडुगणं हा त्या पिढीचा सामायिक आजार. कोणी चिकटपट्टी लावायचं, कोणी ब्लू टॅक या चिकट लगद्याचा गोळा. विचार करा, तीस चालींचा डाव झालाय, जिंकताय, आणि आईने टेबल पुसायला घेतलं.

पण पॅक असला की बुद्धिबळ वेगळ्याच दर्जाचं मिळायचं. त्याच आर्टिककडे १६ केबीसाठीचे प्रोग्राम होते, त्यात चालींचं झाड, खेळाच्या पातळ्या, सगळं. फक्त कॅसेटवरून भरायला वेळ, सेकंदाला ३०० बिटच्या आसपास म्हटलं तर पूर्ण १६ केबीला सात मिनिटं. एक केबी अर्ध्या मिनिटात.

हे पहिलं होतं का?

छे. १९७६ मध्ये पीटर जेनिंग्ज यांनी मायक्रोचेस लिहिलं, किम-१ नावाच्या मशीनवर. किम-१ म्हणजे उघडा बोर्ड, ना टीव्ही ना कीबोर्ड, सहा आकडे दाखवणारे लाल एलईडी आणि कॅल्क्युलेटरसारखी बटणं, रॅम १,१५२ बाइट. चाल आकड्यांत घालायची, उत्तर आकड्यांत यायचं, पट तुमचा तुम्ही समोर मांडून बसा. १० डॉलरला विकलं त्यांनी. पुढे जेनिंग्ज पर्सनल सॉफ्टवेअर या कंपनीत भागीदार झाले, आणि त्याच कंपनीने १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क बाजारात आणलं, म्हणजे आज ऑफिसात ज्या एक्सेलने आपला जीव खाल्लाय त्याचं खापरपणजोबा. बुद्धिबळाच्या पैशाने त्याला हातभार लावलाय, तेव्हा एक्सेल अडकलं की कोणाला बोलायचं ते बघा.

दुसरं नाव सार्गन, डॅन आणि कॅथ स्प्रॅकलन या नवराबायकोचं, झेड८० वरच. १९७८ मध्ये वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमधली स्पर्धा जिंकलं आणि मग त्यांनी पूर्ण कोडच पुस्तक म्हणून छापला. लोक तो हाताने टाइप करायचे. हाताने, अख्खा.

नंतर काय झालं?

एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम आला, रंग, आवाज, १६ किंवा ४८ केबी, १२५ आणि १७५ पौंड. ८१ चा जोर लगेच ओसरला. स्पेक्ट्रमवर सायरस हा बुद्धिबळाचा दमदार प्रोग्राम आला. त्याची मूळची आवृत्ती रिचर्ड लँग यांची, १९८१ मध्ये लंडनची मायक्रोकॉम्प्युटर बुद्धिबळ स्पर्धा जिंकलेली. याच लँग यांचं सायन चेस १९८४ मध्ये ग्लासगोच्या जागतिक मायक्रोकॉम्प्युटर स्पर्धेत संयुक्त विजेतं झालं. आणि मार्टिन ब्रायंट यांचं कोलोसस, कमोडोर ६४ पासून पुढे जवळपास प्रत्येक मशीनवर. एक केबीपासून इथवर यायला जेमतेम दोन-तीन वर्षं लागली, म्हणूनच हॉर्न यांचा प्रोग्राम मला शेवटच्या क्षणी काढलेल्या फोटोसारखा वाटतो, सहा महिने उशीर झाला असता तर एवढी झटापट करायची कोणाला गरजच वाटली नसती.

आपल्याकडे होती का ही मशीनं?

८१ मी इथे कोणाकडे पाहिलेला नाही, परदेशातून कोणी आणला असेल तर असेल. स्पेक्ट्रम प्लस मात्र १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात विकला. आणि शाळांमध्ये १९८४ पासून सरकारच्या क्लास या कॉम्प्युटर शिकवायच्या योजनेतून बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर आले. आमच्याही शाळेत आले होते. खोलीला कुलूप, चपला बाहेर, धूळ नको म्हणून मशीनवर शिवून घेतलेले रेक्झिनचे झगे, आणि वर्षातून दोनदा सरांच्या मागे रांगेत उभं राहून दर्शन. स्पेक्ट्रम पाहिला तो वाड्यात समोर राहणाऱ्या काकांकडे. कॅसेट लावली की टेपमधून चिरकणारा आवाज यायचा आणि काकू आतून ओरडायच्या, अहो तो रेडिओ नीट लावा. काकांनी मला बुद्धिबळ त्याच्यावरच शिकवलं, मधेच प्रोग्राम अडकला की खरा पट काढायचे.

आज खेळून बघायचं तर काय करू?

एम्युलेटर. एटीवन नावाचा विंडोजवर चालतो, ब्राउझरमध्ये चालणारेही आहेत. सुरू केलं की खाली डाव्या कोपऱ्यात काळ्या चौकटीत के हे अक्षर दिसेल. तिथे एल-ओ-ए-डी टाइप करायला जाऊ नका, सगळे हीच चूक करतात. या मशीनवर एक बटण म्हणजे अख्खा शब्द, जे दाबलं की लोड येतं. मग शिफ्ट धरून पी दोनदा, अवतरणचिन्हं येतात, मग एंटर, ज्याला इथे न्यूलाइन म्हणतात.

खरं मशीन घ्यायची इच्छा असेल तर बाहेरून जुनं मिळतं, पण कीबोर्डची आतली पट्टी वाळून तडकलेली असते, ती बदलायची तयारी ठेवा. टीव्हीच्या साध्या व्हिडिओ (कॉम्पोझिट) खाचेत जोडता यावं म्हणून छोटी दुरुस्तीही करून घ्या. कॅसेट प्लेअर लागत नाही, फोनच्या हेडफोन जॅकमधून आवाज सोडला तरी चालतो, फक्त व्हॉल्यूम जवळपास पूर्ण ठेवा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. एकदा लोड होता होता मावशीचा फोन आला आणि मशीनने रिंगटोन प्रोग्राम म्हणून गिळायचा प्रयत्न केला.

६७२ बाइटचा, सगळ्यात छोट्या बुद्धिबळाचा विक्रम अजून टिकून आहे?

नाही, ३३ वर्षं टिकला. २०१५ मध्ये ऑलिव्हिए पुदाद यांचं बूटचेस आलं, ४८७ बाइट, पीसीवर. पण पीसीवर शेजारी गिगाबाइट रिकामे पडलेले असतात. हॉर्न यांच्याकडे शेजारी काहीच नव्हतं.

मला स्वतःला असलं काही लिहून बघायचंय. कुठून सुरू करू?

पट आठ बाय आठ ठेवू नका, इथेच सगळे अडकतात. घोडा कडेवरून उडी मारून पटाबाहेर गेला की नाही हे दरवेळी तपासण्यातच निम्मा कोड जातो. त्याऐवजी रांग दहा घरांची करा, दोन्ही बाजूंना एकेक खोटं घर, आणि वर दोन, खाली दोन अख्ख्या खोट्या रांगा. एकूण १२० घरं. खोट्या घरात असा आकडा ठेवा की बघताच कळावं, ही भिंत आहे. बाजूला एकच घर ठेवलं तरी घोड्याला पुरतं, कारण मेमरीत रांगा एकामागोमाग असतात, या रांगेची उजवी भिंत आणि पुढच्या रांगेची डावी भिंत शेजारी शेजारी येतात, दोन भिंती आपोआप मिळतात. आता हत्ती म्हणजे १ आणि १०, अधिक किंवा वजा. उंट ९ आणि ११. घोडा ८, १२, १९, २१. वजीर म्हणजे हत्ती आणि उंट मिळून, राजा म्हणजे तोच वजीर पण एकच पाऊल. सगळ्या मोहऱ्यांची चाल आठ आकड्यांत आली बघा, प्यादं सोडून. प्यादं सगळ्यात शेवटी लिहा, ते एकटंच बाकी सगळ्यांएवढी जागा खातं.